झिजेचे पैसे वेगळे

ताराबाई पार्कातल्या पोरानं केस उघडली
तेव्हा आतून नव्या रेक्झिनचा वास आला,
आणि बेस मात्र साठीचा म्हातारा:
कडेचा रंग उडालेला, पाठीवर बकलाचे ओरखडे,
मानेवर अंगठा फिरून फिरून पडलेली
तांबूस पायवाट.

"केव्हाचा?"
"दोन वर्षं झाली, काका. कंपनीतनंच असा करून येतो.
झिजेचे पैसे वेगळे."

मी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो.
झिजलेलं माझ्याकडं येतं ते फडक्यात गुंडाळून,
जरा लाजतच,
आणि झीज भरून द्यायचे मी पैसे घेतो.
एकोणतीस वर्षांत
झीज विकत घेणारं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.
निघालं ते मीच.

तरी घासाघीस केली.
शब्द तिथं दोन्ही अंगांनी बसत होता.

चार आहेत घरी. चारही जुन्या घाटाचे.
एकाची खुंटी शेजारच्या लेथवर करून घेतली.
एक इचलकरंजीच्या बँडवाल्याकडनं, पिकअप मेलेला;
त्याला केसाहून बारीक तारेचे दहा हजार वेढे दिले,
पंख्याच्या मोटारीला देतो तसेच,
फक्त श्वास धरून.
उरलेल्या दोघांना काही झालेलं नाही.
ते नुसते घेतले.

दाऊद शिकलगार.
ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत, ड्रमच्या सावलीत.
मी सोळा वर्षांचा, त्यांच्या वायरी गुंडाळायचो.
गाणारीला टाळ्या, गिटारवाल्याला शिट्ट्या,
दाऊदमामा थांबले तरच कळायचं
की काहीतरी चालू होतं,
पाटाचं पाणी तोडल्यावर
उसाला कळतं तसं.

उजवं कोपर टेकायचं तिथं
त्यांच्या बेसचा रंग जाऊन लाकूड दिसायचं,
भाकरीएवढं.
कुणी त्याला सुंदर म्हटलं नाही.
मामी म्हणायच्या, रंग तरी मारून घ्या, लोकांत जाता.

मग कीबोर्ड आला.
डाव्या हाताच्या दोन बोटांत सगळा बेस मावला.
मामांनी वाद्य कुणाला दिलं, किती रुपयांना,
शेवटपर्यंत एकच उत्तर:
"हाय की कुठंतरी."

तेव्हापासून बघतोय.
निपाणीपर्यंत जाऊन आलो,
बँडच्या ट्रंका, शाळेच्या अडगळी,
एकदा तर भंगारवाल्याच्या गाड्यामागं
गंगावेशीपासून पळालो, ती कुणाची तरी सतार होती.
सापडत नाही.
मग तसला दिसणारा घेतो.

पाचवा आणला. शटर खाली ओढलं.
पट्टा पापाच्या तिकटीवर शिवून घेतलेला,
चपलेच्याच कातड्याचा, अजून करकरतो.
गळ्यात अडकवला
आणि लक्षात आलं, झीज चुकीच्या जागी आहे.
माझं कोपर तिच्या चार बोटं खाली पडतं.
कुठल्या लांब हाताच्या माणसाचं माप धरून
कुणा कामगारानं पॉलिशपेपर मारला असेल,
आठ तासांची पाळी, रोज बारा कोपरं,
एकही त्याचं नाही.
संध्याकाळी त्याचा खांदा दुखत असेल.
तेवढं खरं.

खालची तार सोडली.
बाकावरच्या उघड्या मोटारीत
एक सैल स्क्रू थरथरला, वाटीतले वॉशर बोलले.
दाऊदमामांचा आवाज काही आला नाही.
बरं झालं.
आला असता तर सहावा घ्यायचं
कारण उरलं नसतं.

रात्री शैलानं विचारलं, आता किती?
म्हटलं, चारच. एक विकला.
तिनं आमटी वाढता वाढता माझ्या हाताकडं बघितलं:
"आणि कोपराला काय लागलंय?"

लाल झालं होतं, थोडं सोललेलं.
दोन तास तिथं, त्या कोऱ्या जागी
घासत होतं.
रंगाला काही झालं नव्हतं.